प्युजो घराण्याची वाटणी

ऐंशी-नव्वदच्या दशकात विजयदुर्ग-तळेरे रस्त्यावरून ज्यांनी जीपने ये-जा केली, त्यांनी प्युजोचं इंजिन नक्की ऐकलेलं आहे. महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये तेच असायचं. एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर (आतला व्यास) ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून हे इंजिन बनवायचा परवाना घेतला. तिकडे ते त्यांच्या ५०४ या गाडीत बसवलेलं असायचं आणि इकडे महिंद्राच्या एमएम-५४० या जीपमध्ये. त्या एमएम-५४० मध्ये पंधरा माणसं, दोन म्हावऱ्याच्या टोपल्या आणि टपावर हापूसच्या पेट्या असा भरणा असायचा. पुढे आर्माडा आली, तिच्यातही प्युजोचंच मोठं इंजिन होतं, २४९८ सीसीचं. बजाज टेम्पोची ट्रॅक्स चालवणारे आपलं इंजिन मर्सिडीजचं म्हणून मिरवायचे आणि तेही खरंच होतं. पडेल कॅन्टीनवर चहा पिता पिता ड्रायव्हर लोकांचे यावरून तासन्‌तास वाद चालायचे. त्यातले निम्मे आमच्या गॅरेजच्या दारातच झाले आहेत.

बाबा या वादात फार पडायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "पिजो आपणहून बंद पडणा नाय, त्येका पाडूक लागता." पावसाळ्यात पहाटे जीप चालू होत नाही म्हणून कोणी बोलवायला आलं की ते आधी हीटर प्लग बघायचे. या इंजिनच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक छोटी कोठडी असते. डिझेल आधी तिथे पेटतं आणि मग जाळ पिस्टनवर येतो. थंड इंजिनात ही कोठडी हीटर प्लगने तापवल्याशिवाय सुरुवात होत नाही. घाईघाईने चावी फिरवणारा ड्रायव्हर बॅटरी संपवून बसायचा. बाबा चारही प्लग काढून, बॅटरीला एकेक लावून, टोक लाल होतंय का ते बघायचे. जो लाल होत नाही तो बदलायचा. ते गॅरेज आता मी चालवते.

या इंजिनामागचं घर कोणतं हे मी शोधायला लागले ते आमच्या घरातल्या वाटणीमुळे. माझा चुलत भाऊ, आमचा दादा, कलमांची बाग आणि पॅकिंगची शेड बघतो. माझ्याकडे गॅरेज आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. पस्तीस वर्षांपूर्वी बाबा आणि काकांनी स्टॅम्प पेपरवर लिहून वेगळं केलेलं आता पुन्हा एकत्र करावं का, यावर आमचं बोलणं चालू आहे. त्या दिवसांत प्युजोबद्दल वाचत गेले आणि लक्षात आलं की या लोकांनी हेच सगळं केलेलं आहे, फार मोठ्या आकड्यांत आणि दोनशे वर्षं.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ माँबेल्यार नावाचा मुलूख आहे. १७९३ पर्यंत तो फ्रान्सचा नव्हताच, जर्मन व्युर्टेम्बर्ग घराण्याचा होता, आणि तिथले लोक ल्युथरपंथी. त्यातल्या एरिमाँकूर या गावी झाँ-पियेर प्युजो यांचं रंगारीकाम, तेलघाणा आणि पाण्यावर चालणारी धान्याची गिरणी होती. त्यांच्या मुलांनी, थोरल्या झाँ-पियेर आणि धाकट्या झाँ-फ्रेदेरिक यांनी, १८१० मध्ये ती गिरणी पोलादाच्या कारखान्यात बदलली. चाक तेच, ओढा तोच, फक्त दळायचं बंद करून पोलाद ओतायचं आणि लाटायचं. तेव्हा नेपोलियनने इंग्लंडच्या मालाला युरोपची बंदरं बंद केलेली होती. चांगल्या पोलादाला गिऱ्हाईक होतं, आणि आसपास घड्याळं बनवणारी गावं असल्यामुळे स्प्रिंगच्या पट्ट्यांनाही मागणी होती.

सगळ्यात नाव झालं ते करवतींचं. १८४७ मध्ये माँबेल्यारच्या ज्युस्तँ ब्लाझेर या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडून त्यांनी सिंहाचं चित्र काढून घेतलं. बाणावर चालणारा सिंह. दात सिंहासारखे टिकाऊ, पातं त्याच्या पाठीच्या कण्यासारखं लवचीक, आणि कापण्याचा वेग त्याच्या झेपेसारखा. १८५८ मध्ये हा शिक्का रीतसर नोंदवला गेला. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की सिंह फक्त अव्वल मालावर मारायचे. दुय्यम करवतीवर चंद्रकोर, तिसऱ्या प्रतीवर हात. तिन्ही माल एकाच कारखान्यातले, पण गिऱ्हाइकाला शिक्क्यावरून कळायचं की आपण काय घेतोय. आंब्याच्या धंद्यात ज्यांनी कर्नाटकचा माल देवगडच्या पेटीत भरलेला पाहिला आहे, त्यांना मी यावर जास्त काही सांगायला नको.

दुसऱ्या पिढीनंतर तिसरी आली. ज्यूल आणि एमील हे भाऊ. १८४० मध्ये कॉफी दळायची चक्की निघाली होती, १८७४ मध्ये मिरीची आली. मधल्या काळात बायकांच्या घेरदार झग्यांना आतून पोलादी कड्यांचा सांगाडा लागायचा, तो प्युजो बनवत. कॉर्सेटच्या पट्ट्या, छत्रीच्या काड्या, सगळं त्याच पोलादाच्या पट्टीतून. झग्यांची फॅशन गेली तेव्हा पट्टी होतीच, तिचं दुसरं काहीतरी केलं.

मिरीच्या चक्कीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ती आमच्या घरात आहे. पुण्याच्या बहिणीने आणून दिली. लाकडी, वर धातूची घुंडी. घुंडी सैल केली की भरड, आवळली की बारीक. हातात आल्यावर मी आधी ती खोलली. आत पोलादाचा एक नर आणि त्याभोवती एक मादी, दोघांवर तिरके दात. वरचे दात मोठे आणि खोल. त्यांच्या खाचेत मिरीचा दाणा जाऊन बसतो, निसटत नाही, आणि पहिल्यांदा तिथे फुटतो. खालचे दात बारीक, ते फुटलेला दाणा दळतात. दोन कामं दोन ठिकाणी वेगळी केली आहेत, म्हणून दाणा चिरडून तेल आतच लागून राहत नाही. आमच्या पोफळींवर चढवलेली मिरी, पन्नियूर जातीची, यात टाकून आमसुलाच्या सारावर फिरवली तर खोलीभर वास येतो. फक्त यात मीठ घालायचं नाही, पोलाद गंजतं. समुद्राकाठी तर लगेचच. मिठाची चक्की ते वेगळी बनवतात, दुसऱ्या धातूची.

आता वाटणी.

चौथ्या पिढीत ज्यूलचा मुलगा यूजेन आणि एमीलचा मुलगा आर्मां हे चुलत भाऊ कारभार बघत होते. यूजेन सावध. आर्मां इंजिनिअर, पॅरिसच्या एकोल साँत्रालमध्ये शिकलेला, तरुणपणी इंग्लंडमध्ये लीड्सला जाऊन सायकलींचा धंदा बघून आलेला. १८८२ मध्ये प्युजोची पहिली सायकल निघाली, पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं मोठं असलेली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने सेर्पोलेच्या वाफेच्या यंत्रावर चालणारी तीनचाकी मांडली. वाफेत अर्थ नाही हे त्याला लवकर कळलं आणि पुढच्या गाड्यांना त्याने डाइम्लरचं पेट्रोल इंजिन बसवलं. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सायकल शर्यत झाली, तेव्हा प्युजोची एक गाडी सायकलस्वारांच्या मागोमाग धाडली. घरून पॅरिसला, तिथून ब्रेस्त, परत पॅरिस आणि परत घरी, दोन हजार किलोमीटरच्या वर. दोरिओ आणि रिगुलो अशी गाडीवरच्या दोघांची नावं. वाटेत मोडली, दुरुस्त केली, पुढे गेली. एवढं अंतर पेट्रोलच्या गाडीने तोवर कुणी कापलेलं नव्हतं. पहिल्या मेकॅनिकांबद्दल मला नेहमी वाटतं की त्यांच्यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं. स्पेअर पार्ट नावाची गोष्टच नसताना त्यांनी गाडी घरी आणली.

यूजेनला मोटारीत घराण्याचा पैसा घालायचा नव्हता. करवती, चक्क्या, सायकली यांचा बसलेला धंदा होता आणि मोटार ही खर्चाची बाब होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १८९६ मध्ये मोटारीवर घर लावायचं म्हणजे खरोखरच घर लावायचं होतं. पण दोघं कोर्टात गेले नाहीत, आणि एकमेकांना धरून बुडालेही नाहीत. १८९६ च्या एप्रिलमध्ये आर्मांने मोटारींची स्वतंत्र कंपनी काढली आणि जुन्या कंपनीने मोटारी बनवायच्या नाहीत असं ठरलं. हत्यारं आणि सायकली यूजेनकडे, मोटारी आर्मांकडे. आडनाव दोघांचं, सिंह दोघांचा.

कोकणातल्या माणसाला यातलं मोठेपण समजावून सांगावं लागत नाही. आमचं मूळ घर आजोबांच्या चार भावांचं. त्यांची कधी वाटणी झाली नाही, कारण वाटणी काढली तर लोक काय म्हणतील. आज सातबारावर नावं इतकी आहेत की दोन पानं लागतात. निम्मे मुंबईला, काही बडोद्याला, काहींचा पत्ता नाही. कौलं बदलायची म्हटली तरी सगळ्यांना विचारावं लागतं, आणि कुणीच खर्च करत नाही कारण घर कुणा एकाचं नाही. गणपतीला दार उघडतं, पाच दिवसांनी बंद होतं. वाशांना वाळवी लागली आहे. उलट बाबा आणि काकांनी लिहून वेगळं केलं, म्हणून दोघांच्या हातात काहीतरी उभं राहिलं. गॅरेजकडे कर्ज काढायला स्वतःचा कागद होता आणि बागेला कुंपण घालायला कुणाची सही लागली नाही. गावात तेव्हा "भाव वायले झाले" म्हणून हळहळ झाली. मला त्या हळहळीचा राग आहे.

पण प्युजोंच्या कहाणीत एक जागा अशी आहे जिथे मी अडखळले. आर्मांचा एकुलता एक मुलगा रेमाँ त्याच १८९६ मध्ये गेला. म्हणजे मोटारींची कंपनी निघाली आणि वारस गेला, दोन्ही एकाच वर्षी. सगळीकडे पुढे एवढंच लिहिलेलं असतं की आर्मांला वारस नव्हता. त्याला मुली होत्या. त्या काळी, त्या घरात, कारखाना मुलीकडे जाईल हे कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं, हे मला समजतं. तरी वाचताना थांबले. मी बाबांची मुलगी आहे, मला भाऊ नाही, आणि माझ्या हाताला ग्रीस आहे. आपल्या महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, देशभरात तो २००५ मध्ये आला. त्यानंतरही आमच्या तालुक्यात लग्न ठरलं की हक्कसोडपत्राचा कागद तयारच असतो. मुलगी सही करते, माहेर तुटू नये म्हणून. बाबांनी असा कागद आमच्या घरात येऊ दिला नाही, त्यांच्या बहिणींच्या वेळीही आणि आमच्याही.

तर यूजेनच्या मुलांना, पियेर, रोबेर आणि ज्यूल यांना, मोटारींचं वेड लागलंच. जो धंदा बापाने सोडून दिला तोच मुलांना हवा होता. १९०५-०६ च्या सुमारास त्यांनी काकांशी बोलणं केलं. आर्मांच्या कंपनीला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची आणि बोलिउच्या कारखान्यात 'लायन-प्युजो' नावाने लहान गाड्या काढायच्या. आधीचा करार मोडला नाही, बदलून घेतला, आणि बदलाची किंमत मोजली. १९०७ मध्ये यूजेन वारला. १९१० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, मोटारी आणि सायकली पुन्हा एका छपराखाली. चौदा वर्षं वेगळे राहून ते एकत्र आले तेव्हा दोघांकडे आपापलं कमावलेलं होतं. कुणी कुणाच्या दारात आलं नव्हतं. १९१५ मध्ये आर्मां गेला आणि कारभार रोबेरकडे आला.

दादाला मी ही दोन वर्षं, १८९६ आणि १९१०, कागदावर लिहून दाखवली. तो म्हणाला, "माका हेच म्हणूचा होता."

पुढचा पन्नास वर्षांचा इतिहास मोटारींच्या पुस्तकांत भरपूर आहे, मी धावतं सांगते. १९१२ मध्ये सोशोचा कारखाना सुरू झाला. १९२९ मध्ये २०१ ही गाडी आली आणि तेव्हापासून मधे शून्य असलेले तीन आकडे ही प्युजोची खूण झाली. पोर्शने आपल्या गाडीला ९०१ नाव दिलं तेव्हा प्युजोने हरकत घेतली, आणि म्हणून १९६४ पासून ती ९११ झाली.

दुसऱ्या महायुद्धातली हकीकत मात्र धावत सांगता येत नाही. सोशो जर्मनांच्या ताब्यात होतं, कारखाना त्यांच्यासाठी राबवला जात होता. १९४३ च्या जुलैमध्ये ब्रिटिश विमानांनी रात्री त्यावर बाँब टाकले. कारखाना जवळजवळ वाचला, आणि बाँब गावात पडून शंभरावर माणसं मेली. त्यानंतर हॅरी री हा ब्रिटिश हस्तक, मुळात शाळामास्तर, रोदोल्फ प्युजो यांना भेटला. म्हणणं असं की पुन्हा विमानं यायला नको असतील तर कारखाना आतून मोडायला मदत करा. रोदोल्फ यांनी आधी खात्री मागितली की हा माणूस खरा आहे. ठरलेलं वाक्य बीबीसीवरून ऐकू आलं तेव्हा ते तयार झाले. ५ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री कारखान्यातल्याच माणसांनी नेमक्या यंत्रांना सुरुंग लावले. मालकाने आपल्याच कारखान्याचे कोणते भाग मोडायचे ते दाखवून द्यायचं. यंत्रांवर जीव असलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला कळतं. पण भोवती गाव होतं.

याच सोशोमध्ये ११ जून १९६८ ला संप मोडायला पोलीस आले आणि दोन कामगारांचा जीव गेला. घराण्याचा गौरव लिहिताना हे पान गाळलेलं मी पाहिलं आहे. गाळू नये.

सत्तरच्या दशकात त्यांनी सित्रोएन ही मोटार कंपनी घेतली, १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातला पसारा घेतला, आणि खूप मोठे झाले. आपल्याकडे १९९४ च्या सुमारास प्रीमियरबरोबर कल्याणच्या कारखान्यात ३०९ ही गाडी निघाली. कामगारांचा संप, भागीदारीतली कुरबुर, आणि तीन-चार वर्षांत प्रकरण आटोपलं. डोंबिवलीतल्या एका मावसभावाकडे ती होती. गाडी उत्तम, पार्ट मिळायचे नाहीत. २०१५ मध्ये उलटं झालं. महिंद्राने प्युजोच्या स्कूटर कंपनीतला ५१ टक्के हिस्सा घेतला. ज्यांच्याकडून इंजिन शिकलो त्यांची कंपनी घेतली, ही बातमी बाबांनी दोनदा वाचून दाखवायला लावली.

मग २०१२ ते २०१४. युरोपात गाड्या खपेनात, २०१२ या एका वर्षात कंपनीला सुमारे ५ अब्ज युरोंचा तोटा झाला. पॅरिसजवळचा ओल्नेचा कारखाना बंद करावा लागला. पैसा हवा होता. चीनची डाँगफेंग कंपनी आणि फ्रान्सचं सरकार प्रत्येकी ८० कोटी युरो घालायला तयार होते, पण मग घराण्याचा वाटा, जो साधारण चौथाई होता, १४ टक्क्यांवर येणार होता. तिघांचे वाटे सारखे, १४-१४-१४. यावर भाऊबंदांत फूट पडली. थिएरी प्युजो तेव्हा देखरेख मंडळाचे अध्यक्ष. त्यांना घराण्याची सत्ता सोडायची नव्हती. रोबेर प्युजो (आधीचे रोबेर वेगळे) हे घराण्याची गुंतवणूक कंपनी बघत होते. त्यांचं म्हणणं, सत्ता सोडा, कंपनी वाचवा. वाद वर्तमानपत्रांत आला. शेवटी रोबेर यांचं झालं, थिएरी अध्यक्षपदावरून गेले. कंपनी खरोखरच सावरली. २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लरशी जोडून स्टेलँटिस झाली, आणि त्यात प्युजोंचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास आला.

मला रोबेर पटतो. चौदा टक्के चालत्या कंपनीचे हे बंद पडलेल्या कंपनीच्या सगळ्याहून बरे, आणि हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न असताना आडनावाचा मान दुसरा येतो. दादा थिएरीच्या बाजूचा आहे. त्याचं म्हणणं, एकदा बाहेरचा माणूस टेबलाशी बसला की तो उठत नाही. गंमत म्हणजे आमच्याकडे कोल्हापूरच्या एका आंबा व्यापाऱ्याला तिसरा भागीदार घ्यायची कल्पना दादाचीच आहे, शीतगृहाचा खर्च आम्हा दोघांना झेपणारा नाही म्हणून. त्यावर आम्ही परवा रात्री साडेअकरापर्यंत बोलत बसलो. काकी दोनदा उठून "जेवा गे आता" म्हणून गेली.

मसुद्यात तीन कलमं नक्की झाली आहेत. दादाच्या मुलीला आणि माझ्या मुलाला सारखा हक्क. ज्याला बाहेर पडायचं त्याने वर्षभर आधी सांगायचं, किंमत तिऱ्हाइताकडून काढायची. आणि बाहेरच्याचा हिस्सा आमच्या दोघांपैकी कुणा एकाच्याही हिश्शाहून मोठा होणार नाही. हे शेवटचं मी घातलं, आणि दादाने त्याखाली रेघ मारली. नाव कोणतं लावायचं ते राहिलं आहे. सोमवारी देवगडला वकिलांकडे जायचं ठरलंय.